दर महिन्याला मैदान का सुटते?

यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर, वणी-पुसद-उमरखेडच्या मैदानांवर आणि गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुली आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्यात कापसाचा पैसा बेभरवशाचा आहे. त्यामुळे पोलीस शिपाई किंवा वनरक्षक म्हणून लागलेली मुलगी अख्ख्या घराला आधार देते. पोलीस भरतीत मुलींसाठी 800 मीटर आणि 100 मीटर धावणे आणि गोळाफेक अशी 50 गुणांची मैदानी चाचणी असते. काही सेकंदांचा फरक गुणवत्ता यादीत नाव आणतो किंवा घालवतो. या मुली त्या सेकंदांसाठी महिनोन्‌महिने घाम गाळतात. आणि तरीही त्यांच्यातल्या अनेकींचे मैदान दर महिन्याला दोन, तीन, कधी पाच दिवस सुटते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "तब्येत बरी नव्हती." प्रशिक्षक पुढे विचारत नाहीत, मुलगी सांगत नाही आणि घरी आईला ते माहीत असते, पण तिनेही तिच्या वयात तसेच काढलेले असते.

पाळीच्या दुखण्याचा तरुण मुलींच्या शारीरिक क्षमतेवर काय परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्त्रीरोगतज्ज्ञांचा राहत नाही. नोकरी, मजुरी आणि शिक्षण या तिन्हींशी त्याचा थेट संबंध आहे. त्याचे उत्तर मात्र आपण दोन टोकांना शोधतो. एका टोकाला "पाळीत पळायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत, पडून राहायचे" असे सांगणारे घर आहे. दुसऱ्या टोकाला "सगळ्यांनाच दुखते, सहन कर" असे सांगणारेही बहुधा तेच घर असते. विज्ञान या दोन्ही सल्ल्यांच्या बाजूने नाही.

दुखते ते का?

हे दुखणे मनाचे खेळ नाहीत. पाळी सुरू होण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी उतरते. मग गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. ही रसायने गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतात, त्यामुळे अस्तर बाहेर पडते. ज्या मुलींमध्ये ती जास्त प्रमाणात तयार होतात, त्यांच्यात हे आकुंचन इतके जोराचे असते की गर्भाशयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा काही क्षण तुटतो. रक्त कमी पडलेला स्नायू दुखतो, हृदयाचा असो वा गर्भाशयाचा. ओटीपोटात मुरडा येतो, कळ कमरेत आणि मांड्यांत उतरते. हीच रसायने रक्तातून आतड्यापर्यंत पोहोचली की मळमळ, उलटी, जुलाब होतात, डोके दुखते, गरगरते. ज्या शास्त्रज्ञांनी प्रोस्टाग्लँडिनचा उलगडा केला, त्या बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना 1982 मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे दुखण्यामागचे कारण कळून चार दशके उलटली, तरी गावात त्याला अजून "नाजूक प्रकृती" असेच म्हटले जाते.

कोणताही दुसरा आजार नसताना होणारे हे दुखणे बहुधा पहिल्या पाळीनंतर वर्ष-दोन वर्षांत सुरू होते. रक्तस्राव सुरू होताना किंवा त्याच्या थोडे आधी ते उठते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. थोडेफार दुखणे बहुसंख्य मुलींना होते. काहींचे मात्र इतके तीव्र असते की शाळा, काम, मैदान सारे थांबते. या दोन गटांना एकाच मापाने मोजणे हीच पहिली चूक.

पाळीने ताकद कमी होते का?

या प्रश्नावर जगभर बराच अभ्यास झाला आहे. 2020 मध्ये 78 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत स्त्रियांची शारीरिक कामगिरी किंचित कमी होत असावी, पण सरासरीने पाहिले तर हा फरक अगदीच नगण्य आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे पाळी आली म्हणून हृदय, फुप्फुसे वा स्नायू कमजोर होत नाहीत. मुलगी त्या दिवशी धावू शकते, वजन उचलू शकते, पोहू शकते. धावल्याने गर्भाशयाला इजा होते, पुढे मूल होत नाही, या समजुतींना काहीही आधार नाही.

परंतु सरासरी हा आकडा फसवा असतो. ज्या मुलीला काहीच दुखत नाही आणि जी उलट्या करत कोपऱ्यात पडली आहे, त्या दोघींची बेरीज करून दोनाने भागले की त्रास दिसेनासा होतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 7 ऑगस्ट 2024 रोजी मीराबाई चानू 49 किलो वजनी गटात 199 किलो वजन उचलून चौथी आली. कांस्यपदक एका किलोने हुकले. पाळीचा तिसरा दिवस होता आणि थोडा अशक्तपणा जाणवत होता, असे तिने स्पर्धेनंतर सांगितले. रिओमध्ये 2016 साली चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिनेही रिले शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर असेच सांगितले होते. हरण्याचे तेच एकमेव कारण होते असे त्या दोघीही म्हणाल्या नाहीत. पण जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना जे मोकळेपणाने सांगता येते, ते घाटंजी किंवा झरी-जामणीच्या मुलीला तिच्या क्रीडाशिक्षकांना सांगता येत नाही.

दुखणे कामगिरीवर कसे उतरते? रात्री झोप लागत नाही. उलटीमुळे पोटात अन्न-पाणी ठरत नाही. कळ आली की शरीर आपोआप आखडते, पाऊल लहान पडते, श्वास उथळ होतो. कपड्याला डाग लागेल ही धास्ती वेगळीच. पण याहून मोठे नुकसान त्या दिवसाचे नसते. दोन दिवस विश्रांती घेतल्याने कुणाचा दम कमी होत नाही, व्यायामाच्या वेळापत्रकात विश्रांती असतेच. नुकसान होते ते नियमितपणा तुटल्याने. दर महिन्याला दोन दिवस म्हणजे वर्षाला 24 दिवस. "पाच दिवस काही करायचे नाही" हा घरचा नियम पाळला तर वर्षाचे 60 दिवस, म्हणजे पूर्ण दोन महिने सराव बंद. शेजारी धावणाऱ्या मुलाच्या वाट्याला ही वजाबाकी येत नाही. शाळेत सातवी-आठवीपासून खेळाच्या तासाला बाजूला बसण्याची सवय लागली की पुढे मैदानाशी संबंधच सुटतो. बारावीनंतर भरतीची जाहिरात निघते, तेव्हा धावण्याचा पाया शून्यापासून घालावा लागतो.

इथे एक उलटा फेराही आहे. दुखते म्हणून व्यायाम सुटतो, पण व्यायाम हाच दुखणे कमी करणाऱ्या उपायांपैकी एक आहे. 2019 मध्ये कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 12 चाचण्यांचा आणि 854 स्त्रियांचा आढावा घेतला. आठवड्यातून किमान तीन वेळा, दर वेळी 45 ते 60 मिनिटे व्यायाम करणाऱ्यांचे पाळीचे दुखणे 100 पैकी सुमारे 25 अंकांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. व्यायाम जोराचा असो वा योगासनांसारखा हलका, फायदा दोन्हींचा दिसला. हा पुरावा अजून भक्कम नाही, हे आढावा घेणाऱ्यांनीच नमूद केले आहे. तरीही फारसा खर्च नसलेला, दुष्परिणाम जवळजवळ नसलेला उपाय म्हणून तो करून पाहण्यासारखा नक्कीच आहे. महिनाभर नियमित व्यायाम आणि दुखण्याच्या दिवशी जमेल तेवढे चालणे किंवा अंग ताणण्याचे हलके व्यायाम, असे त्याचे साधे रूप आहे. तीव्र कळ असताना बळजबरीने धावणे हे मात्र त्याचे रूप नव्हे.

रक्त कमी, दम कमी

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. 15 ते 19 वर्षांच्या मुलींत हे प्रमाण 57.2 टक्के आहे. म्हणजे मैदानात उतरणाऱ्या दर दोन मुलींपैकी एक बहुधा कमी हिमोग्लोबिन घेऊन धावते. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी असेल तर 800 मीटरच्या शेवटच्या फेरीत छाती भरून येणारच, मग सराव कितीही असो. विदर्भात सिकलसेलचे रुग्णही मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे सतत थकवा, सांधेदुखी किंवा रक्ताची कमतरता असणाऱ्या मुलीची ती तपासणीही झालीच पाहिजे.

ज्या मुलींना पाळीत अंगावरून खूप जाते, त्यांच्या शरीरातील लोह दर महिन्याला गळते. एक-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणे, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, मोठ्या गाठी पडणे ही जास्त रक्तस्रावाची लक्षणे आहेत. "आमच्या घरात सगळ्यांनाच असे जाते" म्हणून ती सोडून देऊ नयेत. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी आठवड्याची निळी गोळी गटारात न टाकता पोटात जावी. अंबाडीची, तरोट्याची भाजी, तीळ, हरभरा, तूर हे आपल्याच शेतातले आहे. त्यावर लिंबू पिळावे आणि जेवणासोबतचा चहा टाळावा. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने ते अडते.

सहन करणे हा उपाय नव्हे

दुखण्यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी हा आजीचा उपाय अभ्यासांतही टिकला आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सतत दिलेली सौम्य उष्णता आयबुप्रोफेनइतकीच उपयोगी ठरली. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखतात. म्हणूनच कळ असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेण्यापेक्षा दुखणे सुरू होतानाच ती घेतली तर जास्त उपयोग होतो. "गोळीची सवय लागते" ही भीती निराधार आहे. महिन्यातून दोन-तीन दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतलेल्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही.

मात्र त्या पेपरमिंटसारख्या खाण्याच्याही नाहीत. उपाशीपोटी घेऊ नयेत. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर मुळीच घेऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो. यवतमाळच्या उन्हाळ्यात पाणी न पिता सराव आणि वर वेदनाशामक, हे मिश्रण मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. 2023 च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबाबत सावधगिरीची सूचना दिली होती. क्वचित काही जणांना या औषधाची गंभीर ॲलर्जी होते. गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांतही ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणे अशी लक्षणे दिसली तर औषध बंद करून डॉक्टरांना गाठावे.

भरतीच्या तोंडावर औषध दुकानातून "पाळी पुढे ढकलण्याची गोळी" आणण्याची पद्धतही वाढते आहे. ती संप्रेरकाची गोळी आहे. काही मुलींना ती चालत नाही, रक्तात गुठळी होण्याचा धोका असलेल्यांना तर अजिबात नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी स्वतःच्या मनाने घेण्याऐवजी महिना-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. याच्या उलट, खूप सराव आणि तुटपुंजे जेवण यामुळे तीन-तीन महिने पाळीच न येणे हे काही मुलींना सुटका वाटते. ती सुटका नसते. शरीराला खर्चापेक्षा कमी ऊर्जा मिळते आहे, याचा तो इशारा असतो. तो दुर्लक्षिला तर पुढे हाडे कमजोर होतात.

काही दुखणी मात्र घरच्या उपायांवर ठेवू नयेत. दर महिन्याला वाढत जाणारे दुखणे, पाळी नसतानाही दुखणे, लघवी किंवा शौचाच्या वेळी कळ, ताप किंवा घाण वासाचा स्राव, गोळीनेही न थांबणारे दुखणे, किंवा बरीच वर्षे काही त्रास नसताना अचानक सुरू झालेले दुखणे. यामागे गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढण्याचा आजार, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एंडोमेट्रिओसिस जननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना असतो आणि त्याचे निदान व्हायला अनेकदा वर्षे जातात. उशिराचे मुख्य कारण हेच, की दुखणे हे बाईच्या जातीला असतेच असे सगळेच मानतात.

दुखण्याची किंमत मजुरीतही

मैदानापेक्षा कितीतरी जास्त मुली शेतात आहेत. दिवाळीनंतर कापूस वेचणीला त्या जातात. कमरेला ओटी बांधून, वाकून, उन्हात दिवसभर. मजुरी किलोवर मिळते. कळ आली आणि हात मंदावला तर संध्याकाळी काट्यावर तेवढे वजन कमी भरते. बसायला सावली नाही, आडोसा नाही, कापड बदलायला जागा नाही. तिची शारीरिक क्षमता कुठल्याही चाचणीत मोजली जात नाही, पण तिची किंमत रोज रुपयांत ठरते.

दुखणे आणि मजुरी यांची सांगड कुठवर जाऊ शकते, हे राज्याने बीड जिल्ह्यात पाहिले आहे. ऊसतोडीत एका दिवसाचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर दंड. पाळीचा त्रास आणि अंगावरचे आजार यांवर वेळेत साधे उपचार मिळण्याऐवजी गर्भाशयच काढून टाकण्याचा मार्ग तेथे हजारो स्त्रियांना दाखवला गेला. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दहा-वीस रुपयांच्या उपचाराने आणि एक दिवसाच्या विश्रांतीने जे निभावले असते, त्यातले किती शस्त्रक्रियेपर्यंत गेले असेल, याचा विचार अस्वस्थ करतो. यवतमाळच्या वेचणीवर ही वेळ येऊ द्यायची नसेल तर सुरुवात तरुण वयातच व्हायला हवी.

काय करता येईल?

यासाठी नव्या मोठ्या योजनेची गरज नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे आणि किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत "मैत्री" क्लिनिक आहेत. पण ती कुठे आहेत, कोणत्या वारी चालतात, हे शाळेच्या फलकावर लिहिलेले असते का? जिल्हा परिषदेने 16 तालुक्यांतील प्रत्येक माध्यमिक शाळेत आणि आश्रमशाळेत ही माहिती लावावी. आजवरच्या योजनांचा भर पॅडवर राहिला. 2018 च्या अस्मिता योजनेने जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देऊ केले, ते चांगलेच झाले. पण पॅड रक्त शोषतो, कळ थांबवत नाही. शाळेत एक गरम पाण्याची पिशवी, पाणी आणि दार लागणारे स्वच्छतागृह, आडवे पडायला एक खाट, आणि डॉक्टरांच्या सूचनेनुसार औषध देऊ शकणारी एक शिक्षिका एवढे तरी असावे. आरोग्य तपासणीत वजन-उंचीसोबत "पाळीत दुखते का, किती दिवस बुडतात?" हा प्रश्न विचारला जावा. तीव्र त्रास असणाऱ्या मुलींना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचवण्याची साखळी ठरलेली असावी.

क्रीडाशिक्षक आणि अकादमी चालवणाऱ्यांची जबाबदारी वेगळी आहे. त्यांतले बहुसंख्य पुरुष आहेत आणि संकोच दोन्ही बाजूंनी आहे. शेजारच्या अमरावतीत 1914 पासून व्यायामाचे शिक्षण देणारे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, विद्यापीठ आहे. प्रशिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमात पाळी, रक्तक्षय आणि सराव यांचे दोन-चार तास तरी नीट शिकवले जावेत. मुलीने वहीत तारखा आणि त्रास नोंदवावा, प्रशिक्षकाने त्यानुसार त्या दिवसांचा भार हलका करावा आणि पुढच्या आठवड्यात वाढवावा. त्यासाठी मुलीला मोठ्याने काही सांगावे लागू नये, वहीतली एक खूण पुरे. भरती घेणाऱ्या यंत्रणेनेही पाळीच्या तीव्र त्रासात त्याच भरतीच्या कालावधीत दुसरी तारीख मागण्याची सोय जाहिरातीतच स्पष्ट छापावी. निकष सर्वांना तेच राहोत, फक्त दिवस बदलू द्यावा. खोटे बोलून कोणी फायदा घेईल ही शंका निघेल. पण दोन-चार दिवसांनी धावल्याने कुणाचे 800 मीटर कमी होत नाहीत.

आणि घरी? आईने मुलीला "सहन कर" म्हणण्याआधी एवढे विचारावे, की किती दुखते, किती जाते, किती दिवस शाळा बुडते. बापाने आणि भावाने औषध आणायला लाजू नये. मजुरीला जाणाऱ्या मुलीला त्या दिवशी वेचणीऐवजी बसून करायचे काम द्यावे आणि तेही तिच्याशी बोलून. मुलीच्या दुखण्याची दखल घेतली म्हणून ती कमजोर ठरत नाही. दखल न घेतल्याने जे दिवस गळतात, ते मात्र चाचणीच्या दिवशी घड्याळात दिसतात आणि संध्याकाळी काट्यावरही.